हेडफोनची पारख

जीवांची वर्गवारी सांगताना आपल्या शास्त्रकारांनी इंद्रियांचा जो क्रम लावून दिला आहे, तो स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र असा आहे. एकेंद्रिय जीवापासून चढत गेलेल्या ह्या पायऱ्यांत कान अगदी शेवटच्या पायरीवर येतो. शास्त्रानुसार मुंगीस तो नाही, भुंग्यासही नाही. पंचेंद्रियांसच तो लाभतो. असे असूनही डोळ्यांसाठी चष्मा घ्यावयाचा झाला तर आपण सोलापूर वा कलबुर्गी गाठतो, तपासणी करून घेतो, दोनदा घालून पाहतो; आणि कानांत घालावयाची वस्तू मात्र मोबाइलच्या दुकानात रिचार्ज करता करता, टांगलेल्यांतून एक ओढून घेतो. ह्या स्मरणिकेच्या सभासद-वाचकांपुढे हा विषय आम्ही मुद्दाम मांडीत आहोत. ज्या काळजीने आपण तुरीचा ढीग पाहतो, तिच्या दहाव्या हिश्श्याची काळजी ह्या वस्तूस मिळाली, तरी पैसा वाचेल आणि पैशाहून मोलाचे असे जे श्रवण, तेही वाचेल.

धान्याच्या पेढीवर बसणाऱ्याने हेडफोनवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, आज पेढीचा निम्मा कारभार कानावर चालतो. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून सौदे ठरत. पुढे ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहावी लागे. कर्नाटकाने २०१४ साली बाजार समित्यांतील लिलावासाठी संगणकीय व्यवस्था उभारली, आणि केंद्र सरकारचे ई-नाम १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाले. मादन हिप्परगा, आळंद ह्या बाजूच्या पेढ्यांचे पाहावे, तर माल येथला, गिऱ्हाईक अक्कलकोट-सोलापूरकडचे आणि डाळमिल कलबुर्गीची. शेतकऱ्याशी कन्नडात, सोलापूरच्या अडत्याशी मराठीत आणि परप्रांतीय खरेदीदाराशी हिंदीत, असे तीन भाषांचे बोलणे दिवसभर एकाच फोनवर चालते, आणि एका हाताने पट्टी लिहीत असता फोन खांद्यात दाबून धरण्याने मान आखडते. घरी पाहावे तर सून संगणकावर काम करते, नातू अभ्यासाची व्याख्याने ऐकतो, आणि ज्यांना मंदिरापर्यंत जाणे होत नाही त्या वृद्ध मातोश्री मोबाइलवर महाराजांचे प्रवचन ऐकतात. तेव्हा हेडफोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही; काटा, वही आणि कुलूप ह्यांच्या पंक्तीत ती येऊन बसली आहे. आणि जी वस्तू रोजच्या कामाची, ती टिकाऊ असावी व परवडणारी असावी, हा आपला जुनाच दंडक आहे.

टिकाऊ माल आणि नाशवंत माल

ह्या वस्तूचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन ह्या गृहस्थाने आपल्या घराच्या स्वयंपाकघरात बसून १९१० च्या सुमारास हेडफोन तयार केले आणि अमेरिकेच्या नौदलाने ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी विकत घेतले. १९५८ साली जॉन कॉस ह्यांनी संगीत ऐकण्याचे स्टीरिओ हेडफोन बाजारात आणले. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला, आणि हेडफोन घराबाहेर पडून रस्त्यावर आला. ह्या सर्व काळात त्यास एक वायर असे व वायरीच्या टोकास एक खुंटी असे. ती खुंटी मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधील. लहान होत होत ती साडेतीन मिलिमीटरची झाली, परंतु तिचे तत्त्व शंभर वर्षे बदलले नाही. २०१६ साली ॲपल कंपनीने आपल्या आयफोन ७ मधून त्या खुंटीचे भोक काढून टाकले. पुढे इतर अनेक कंपन्यांनी तोच कित्ता गिरविला, आणि बाजार बिनतारी मालाकडे वळला.

ह्या बदलाचा जो परिणाम गिऱ्हाइकाच्या खिशावर झाला, तो धान्याच्या व्यापाऱ्यास चटकन समजेल. नीट वाळविलेली तूर वर्षभर कोठारात राहते; टोमॅटो आठवडाभर राहत नाही. वायरीचा हेडफोन हा तुरीच्या जातीचा माल आहे. त्यात संपून जाणारे असे काही नाही. एक लहानसा पडदा, एक चुंबक, तारेचे वेटोळे आणि वायर एवढाच त्याचा संसार. बिनतारी मालात मात्र बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे नाश आला. लिथियमची बॅटरी साधारणतः तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की, तिची धारणाशक्ती ठळकपणे घटते. कानात घालावयाच्या सुट्या बड्समधील बॅटरी तर वाटाण्याएवढी असते. ती दररोज भरली व रिती केली, तर दोन-अडीच वर्षांत पहिल्याइतका वेळ चालत नाही, आणि बहुतेक कंपन्यांचे बड्स डिंकाने असे बंद केलेले असतात की, बॅटरी बदलावी म्हटले तर डबीच फोडावी लागते. बाकी सर्व भाग उत्तम असूनही वस्तू टाकून द्यावी लागते.

उलट उदाहरणेही आहेत. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो नावाचा हलका हेडफोन १९८४ साली निघाला आणि फारसा न बदलता आजही विकला जातो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ सालचा नमुना जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत अद्याप वापरात आहे. ही नावे आम्ही खरेदीची शिफारस म्हणून देत नाही. तीस-चाळीस वर्षे एकच नमुना चालू शकतो, एवढेच दाखवावयाचे आहे. ज्या वस्तूचे झिजणारे भाग बदलता येतात ती टिकते, हा ह्या सर्व कथेचा सारांश होय. युरोपीय संघाने तर २०२३ साली केलेल्या नियमात, काही अपवाद वगळता, लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढता यावी असे ठरविले असून त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत घातली आहे. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी एक पोर्टल सुरू केले.

दर दिवसाचा हिशेब

स्वस्त कोणते आणि महाग कोणते, हे छापील किमतीवरून ठरत नाही. ३,९९० रुपये छापील किंमत खोडून ९९९ रुपयांस विकण्याची जी रीत पडली आहे, ती पाहून व्यापाऱ्याने तरी भुलू नये. खरा भाव दर दिवसाच्या खर्चाचा. उदाहरणादाखल तीन नग घेऊ. ३०० रुपयांचा इअरफोन चार महिन्यांत एका कानाने मुका होतो असे धरले, तर तीन वर्षांत नऊ नग लागतील. खर्च २,७०० रुपये, म्हणजे दिवसास सुमारे २ रुपये ४७ पैसे. दुसरा हेडफोन १,२०० रुपयांचा, वायर सुटी होणारा. तीन वर्षांत एकदा २५० रुपयांची वायर आणि एकदा २०० रुपयांची कानगाद्यांची जोडी बदलली, तर एकूण १,६५० रुपये. दिवसास सुमारे १ रुपया ५१ पैसे. तिसरे, २,००० रुपयांचे बड्स दोन वर्षे चालले तर दिवसास २ रुपये ७४ पैसे. ह्या आकड्यांत ज्याने त्याने आपापल्या बाजारचे भाव घालावेत. रीत तेवढी ध्यानी घ्यावी. घसारा मांडणे आपणांस नवे नाही. तोच नियम लावून पाहिला की, सर्वांत स्वस्त दिसणारा नग बहुधा महाग पडतो. पण म्हणून दहा हजारांचा नग आपोआप टिकाऊ ठरत नाही. पुष्कळदा त्या किमतीत नाद असतो, मजबुती नसते.

मजबुती कोठे पाहावी? प्रथम वायर. वायर मधोमध क्वचित तुटते. ती तुटते खुंटीच्या मुळाशी आणि दोन कानांसाठी जेथे फाटा फुटतो तेथे. त्या दोन्ही जागी लवचिक रबराची चांगली गळपट्टी असावी. खिशात फोन ठेवणाऱ्यास सरळ खुंटीपेक्षा काटकोनातील खुंटी बरी. वायर सुटी होत असेल तर उत्तमच. दुसरे, डोक्यावरील पट्टी. आतून धातूची पट्टी असेल तर ती वाकते पण मोडत नाही. निव्वळ प्लास्टिकची असेल तर लांबी कमीजास्त करण्याच्या खाचेशी तडकते. तिसरे, कानगाद्या. स्वस्त मालात बहुधा कृत्रिम चामडे असते, आणि घामाने व उन्हाने वर्ष-दोन वर्षांत त्याचे काळे पापुद्रे सुटतात. तेव्हा त्या नमुन्याच्या गाद्या वेगळ्या मिळतात की नाही, हे घेण्याआधी पाहावे. येथे आपल्या समाजापुरती आणखी एक सूचना आवश्यक वाटते. काही महाग हेडफोनांच्या गाद्या खऱ्या चामड्याच्या असतात. 'प्रोटीन लेदर' असे जेथे लिहिलेले असते तेथे माल कृत्रिम असला, तरी त्यात प्राणिज अंश मिसळला आहे की नाही हे वेष्टनावरून कळत नाही. शंका नको असेल तर कापडी गादी घ्यावी. आपल्याकडील उन्हाळ्यात कानांस ती सोसतेही बरी.

धूळ, घाम आणि ऊन

वस्तू कोठे वापरावयाची आहे, ह्यावर तिची निवड ठरली पाहिजे. आपल्या गोदामात तुरीचा व ज्वारीचा बारीक कोंडा दिवसभर तरंगत असतो. इअरफोनच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, तीवर घाम व मळ ह्यांच्या ओलाव्याने हा कोंडा चिकटतो, आणि आवाज हळूहळू बारीक होत जातो. लोक समजतात की यंत्र बिघडले. वास्तविक जाळी बुजलेली असते. मऊ कोरड्या ब्रशाने, तोंड खाली धरून ती आठवड्यास एकदा झाडावी. टाचणी खुपसू नये, पडदा फाटतो.

वेष्टनावर 'आयपी' ह्या अक्षरांपुढे दोन खुणा असतात. पहिली धुळीची, दुसरी पाण्याची. 'आयपीएक्स४' असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ शिंतोडे व घाम सोसेल इतकाच. पहिल्या जागी जो 'एक्स' आहे, तो धुळीविषयी कंपनीने काही जाहीर केलेले नाही असे सांगतो. विक्रेता मात्र 'वॉटरप्रूफ आहे' म्हणून सर्वच खपवितो. गोदामात वावरणाऱ्याने पहिल्या जागी पाच किंवा सहा हा आकडा शोधावा, उदाहरणार्थ, 'आयपी५५'. बिनतारी वस्तू उन्हात उभ्या मोटारीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णता ही लिथियम बॅटरीची मोठी वैरीण आहे. बरेच दिवस वापरावयाची नसेल तर बॅटरी अर्धी भरून सावलीत ठेवावी.

बोलणे ऐकू येणे, हीच खरी कसोटी

वेष्टनावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांत फारसे तथ्य नसते. 'वीस ते वीस हजार हर्ट्झ' हे जवळजवळ प्रत्येक डबीवर आढळते. त्यावरून चांगले-वाईट ठरत नाही. आतील पडदा किती मिलिमीटरचा, ह्यावरूनही ठरत नाही. ढोलाचा दणका अधिक, म्हणजे यंत्र उत्तम, असा एक समज तरुण मंडळींत आहे. व्यापाऱ्याचे काम दणक्याशी नसून व्यंजनांशी आहे.

आमच्या माहितीतील एका सौद्यात बोलणाऱ्याने सात क्विंटल सांगितले आणि ऐकणाऱ्याने साठ लिहिले. गाडी निघण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने उलट विचारले म्हणून निभावले. एरवी वाहतूक, हमाली आणि वर्षांचा संबंध, तिन्ही पणास लागले असते. मराठीतील सात-साठ, सतरा-सत्तर, आणि कन्नडातील एळु-एंटु ह्या जोड्या किती जवळच्या आहेत, हे ह्या सीमाभागात राहणाऱ्यास सांगणे नको. त्यांतील भेद बव्हंशी व्यंजनांत असतो. व्यंजनांची धार ध्वनीच्या वरच्या पट्टीत असते, आणि दणका अधिक असलेला हेडफोन नेमकी तीच झाकून टाकतो.

म्हणून खरेदीपूर्वी वानगी पाहावी ती अशी. गाणे न लावता बातम्या किंवा प्रवचन लावावे व आवाज निम्म्यावर ठेवून शब्द स्पष्ट येतात का पाहावे. दुकानाच्या दारात, रहदारीच्या गोंगाटात उभे राहून घरी फोन करावा आणि सात, साठ, सतरा, सत्तर हे आकडे उलटसुलट सांगून समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावेत. म्हणजे मायक्रोफोनची परीक्षा होते. खुंटीजवळ वायर हलकेच हालवून खरखर येते का ऐकावे. चष्मा व टोपी घालणाऱ्याने ती घालूनच पंधरा-वीस मिनिटे हेडफोन डोक्यावर ठेवावा. पाच मिनिटांत जो सुखाचा वाटतो तो अर्ध्या तासाने कानशिले दाबतो, हा अनुभव नेहमीचा आहे. दुकानदार डबी उघडू देत नसेल, तर ज्याच्याकडे तोच नमुना आहे अशा आप्ताकडे जाऊन पाहावे.

आणखी एका घोटाळ्याचा उलगडा करणे अवश्य आहे. डबीवर कधी 'एएनसी' लिहिलेले असते, कधी 'ईएनसी'. दोहोंतही गोंगाट कमी करण्याचे वचन आहे, परंतु कोणाचा गोंगाट? एएनसी आपल्या कानांत येणारा बाहेरचा आवाज कमी करते. ईएनसी आपल्या मागचा गोंगाट समोरच्या माणसास कमी ऐकू जावा म्हणून असते. पेढीवर फोन करणाऱ्यास दुसरी अधिक कामाची. पहिलीचा विचार अमर बोस ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९७८ साली विमानप्रवासात केला, आणि पुढे वैमानिकांसाठी तिचा उपयोग झाला. एंजिन, पंखा ह्यांसारखा सतत घुमणारा आवाज ती चांगला घालविते. मध्येच उठणारी आरोळी किंवा हॉर्न तितकासा नाही. डाळमिलच्या यंत्रांपाशी काम करणाऱ्यांनी हिच्यावर विसंबू नये. त्यांच्यासाठी कानांच्या संरक्षणाची निराळी, प्रमाणित साधने मिळतात.

ज्यांच्यापाशी दोन फोन आहेत त्यांनी बिनतारी घेताना एकाच वेळी दोन फोनांशी जोडला जातो की नाही हे विचारावे. गळ्यात अडकणारा नेकबँड हा सुट्या बड्सपेक्षा अशा कामास सोयीचा. त्याची बॅटरी मोठी असते, आणि कानातून निसटला तरी ज्वारीच्या ढिगात हरवत नाही. वायरीचा घेताना आपल्या फोनास गोल भोक आहे की चपटे टाइप-सी आहे, हे आधी पाहावे. टाइप-सीचे काही इअरफोन व जोडखुंट्या काही फोनांवर चालतच नाहीत, तेव्हा आपल्याच फोनास लावून खात्री करावी. ज्यांच्या मोबाइलमध्ये एफएम रेडिओची सोय आहे त्यांस वायरीचा इअरफोन दुहेरी उपयोगाचा. त्याची वायरच बहुधा ॲंटेनाचे काम करते.

खूण, पावती आणि हमी

गुलबर्गा तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा आपण सर्वांस आनंद झाला. खुणेमुळे अस्सल माल ओळखू येतो, हे आपण जाणतो. तशीच खूण येथेही आहे. बिनतारी हेडफोन व इअरफोन हे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. अशा वस्तूवर किंवा वेष्टनावर ब्युरोचे चिन्ह व 'आर' ह्या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक घालून पाहिल्यास उत्पादकाचे नाव दिसते. नामांकित कंपनीची हुबेहूब नक्कल वीस टक्के किमतीत मिळत असेल, तर दोन मिनिटे खर्चून एवढी चौकशी अवश्य करावी. उत्पादक किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, कोठे तयार झाले, कोणत्या महिन्यात, छापील किंमत आणि तक्रारीचा फोन क्रमांक, ही माहिती वेष्टनावर असलीच पाहिजे. आपण स्वतः पाकिटबंद माल विकतो तेव्हा हे नियम पाळतो. गिऱ्हाईक होताना ते विसरू नयेत.

हमीविषयी एक व्यवहारी गोष्ट सांगावीशी वाटते. एक वर्षाची हमी डबीवर छापलेली असते, परंतु ती कोठे बजवावयाची? मादन हिप्परग्याहून किंवा आसपासच्या खेड्यातून सेवाकेंद्रासाठी कलबुर्गी अथवा सोलापूर गाठावयाचे, तर बसभाडे, एक दिवसाची खोटी आणि पुन्हा वस्तू आणावयाची दुसरी फेरी. पाचशे रुपयांच्या नगावर असली हमी कागदावरच राहते. म्हणून खेड्यातील गिऱ्हाइकाने असे पाहावे की, कंपनी घरून वस्तू नेते की नाही, आणि दुकानदार स्वतः बदलून देतो की नाही. ज्यांनी बदलून देण्याचे तोंडी कबूल केले आहे, त्यांच्याकडून तेवढा शब्द पावतीवर लिहून घ्यावा. पावतीवाचून दहा-वीस रुपये वाचतात, पण हक्क जातो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे, आणि तक्रार करण्यास १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्याचा उपयोग करणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे. चोख व्यवहार करणाऱ्या दुकानदाराचेच त्यात हित आहे.

ज्यास बदली भाग नाही

आतापर्यंत वस्तूच्या टिकाऊपणाविषयी लिहिले. आता कानाच्या टिकाऊपणाविषयी. वायर बदलता येते, गादी बदलता येते. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा जो भाग आहे, त्यातील सूक्ष्म केसांच्या पेशी बदलता येत नाहीत. प्रत्येक कानात त्या सुमारे पंधरा हजार असतात, आणि एकदा गेल्या की मनुष्यास पुन्हा येत नाहीत. मोठ्या आवाजाने प्रथम वरच्या पट्टीचे ऐकणे जाते, म्हणजे तीच ती सात व साठ ह्यांतील भेद सांगणारी धार. मनुष्यास आवाज ऐकू येत राहतो, पण शब्द उमगत नाहीत. आणि तो म्हणतो की लोक हल्ली पुटपुटतात.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी जे माप दिले आहे ते असे : ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्यास ४० तास. आवाज ९० डेसिबलवर गेला तर तीच मर्यादा आठवड्यास ४ तासांवर येते. डेसिबलचे माप रुपयांसारखे सरळ वाढत नाही. दर ३ डेसिबलांस ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून आवाजाची पट्टी थोडीशी पुढे सरकविली, तरी कानावरील बोजा झपाट्याने वाढतो. फोनची पट्टी साठ टक्क्यांच्या खाली ठेवावी, ही त्या संघटनेचीच सूचना आहे. जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांस अशा ऐकण्यापासून धोका आहे, असेही तिने म्हटले आहे. कानांत बसणाऱ्या बोंडांची रबरे तीन आकारांची मिळतात. योग्य आकाराचे बसविले की बाहेरचा गोंगाट अडतो आणि आवाज वाढविण्याची गरज पडत नाही. स्वस्त नगातही ही रबरे असतात. ती पाहून घ्यावीत.

ऐकण्याच्या वेळेसाठी आपल्याजवळ एक घरगुती माप आहेच. सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तितका वेळ ऐकून झाले की हेडफोन काढून कानांस थोडी विश्रांती द्यावी, असा नियम घरात घातला तर मुलांस घड्याळ दाखवावे लागणार नाही. रात्री कानांत बोंडे घालून झोपणे, तसेच रस्त्याने, मोटारसायकलवर किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना दोन्ही कान झाकणे, ह्यांस घरातील वडीलधाऱ्यांनी मुळीच परवानगी देऊ नये. कानांत सतत घणघण वा शिटी वाजत असेल, अथवा वृद्धांस फोनवरचे बोलणे उमगत नसेल, तर अधिक मोठ्या आवाजाचा हेडफोन आणणे हा उपाय नव्हे. कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आपल्याच राज्यात म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे; हे शास्त्र आता आपल्यापासून दूर राहिलेले नाही. कमी ऐकू येते हे सांगण्याची लाज वाटून जे सौद्यात नुसती मान डोलावतात, त्यांनी तर हे आवर्जून करावे.

घरोघरची वाटणी

सारांश, एका घरास किती व कोणते हेडफोन लागतात? पेढीवर बसणाऱ्यास एक चांगला मायक्रोफोन असलेला नेकबँड, आणि त्याची बॅटरी संपेल त्या वेळेसाठी एक वायरीचा इअरफोन. विद्यार्थ्यास व संगणकावर काम करणाऱ्यास वायर सुटी होणारा, कानावर बसणारा हेडफोन. वृद्धांस हलका, मऊ कापडी गादीचा, ज्याचे खटके मोठे असून बोटांस सापडतील असा. सुटे बड्स ज्यांस प्रवासात खरोखरीच लागतात त्यांनीच घ्यावेत, आणि ते नाशवंत आहेत हे जाणून घ्यावेत. एकमेकांचे इअरफोन वापरू नयेत; वापरावे लागलेच तर रबरे धुऊन, वाळवून मग वापरावेत.

मुनींच्या पाच समित्यांत आदान-निक्षेपण नावाची एक समिती आहे; वस्तू उचलताना व ठेवताना दक्ष असणे, हा तिचा अर्थ. आपण गृहस्थ तिचे पालन त्या कोटीचे करू शकणार नाही, परंतु वायर खुंटीस धरून काढावी, ओढून काढू नये. सैल वेटोळे करून डबीत ठेवावी, फोनाभोवती करकचून गुंडाळू नये, एवढे तर निश्चित करू शकतो. तेवढ्यानेही वस्तूचे आयुष्य वाढते. परिग्रहाचे परिमाण बांधून घेणाऱ्या समाजाच्या घरातील खणात मेलेल्या इअरफोनांची गुंतवळ पडून असावी, हे शोभत नाही. बॅटरी असलेला नग कचऱ्यात टाकू नये. तो पेट घेऊ शकतो आणि त्यातील द्रव्ये मातीत मिसळतात. २०२२ च्या नियमांनुसार अशा विद्युत-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्या संघाने वर्षातून एकदा, क्षमावणीच्या सुमारास, सभासदांच्या घरचा असा कचरा एकत्र करून नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे पाठवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. एका पोत्यात मावेल इतकेच ते काम आहे, आणि ते पोते उचलण्यास आमची पेढी तयार आहे.

नव्या खरेदीच्या वेळी मात्र प्रत्येकाने एक करावे. डबीच्या आतील बाजूस खरेदीची तारीख, किंमत आणि दुकानाचे नाव लिहून ठेवावे, व वस्तू निकामी होईल त्या दिवशी दुसरी तारीख लिहावी. दोन तारखांमधील दिवसांनी किमतीस भागिले की, कोणता माल स्वस्त होता हे कोणास विचारावे लागणार नाही. जय जिनेंद्र.